अपराध पोटांत घालणें

गणेशचतुर्थीच्या दिवसांत मराठी घरांतील सायंकाळच्या आरत्या आटोपल्या, कापूर विझत आला, म्हणजे कोणीतरी घरांतल्या सर्वांत धाकट्या मुलास पुढें ढकलतें. तें मूल हात जोडून, डोळे घट्ट मिटून, ठरलेल्या चालीवर चार ओळी म्हणतें. त्या ओळींत तें मोरयापुढें आपलें अजाणपण मांडतें आणि आपल्या कोट्यवधि अपराधांची क्षमा मागतें. ज्याच्या नांवावर फार तर एक फुटलेली बशी आणि शेजाऱ्यांच्या कुंडींतून उपटलेलीं दोन रोपें जमा आहेत, त्यानें कोटींचा हिशेब सांगावा, आणि भोंवतालच्या मोठ्या मंडळींनीं, ज्यांचा हिशेब खरोखरच मोठा असण्याचा संभव आहे, त्यांनीं कौतुकानें मान डोलवावी, हा देखावा आपण इतके वेळां पाहिला आहे कीं त्यांत कांहीं विचित्र आहे हें आपल्या लक्षांतही येत नाहीं. या चार ओळींचा कर्ता कोण, हेंही कोणी विचारीत नाहीं. मराठी मुलांच्या तोंडीं पहिल्यानें बसणाऱ्या कवितांपैकीं ही एक आहे, आणि ती क्षमायाचनेची आहे.

मोरया हा मोरगांवचा देव. पण महाराष्ट्राच्या तोंडीं तें नांव बसविलें तें चिंचवडनें, असें परंपरा मानते. मोरया गोसावी हे मोरेश्वराचे थोर उपासक. त्यांची समाधि चिंचवडास पवनेच्या कांठीं आहे, आणि देवाच्या नांवाशीं भक्ताचें नांव जोडलें जाऊन आजचा जयघोष सिद्ध झाला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पुणें-मुंबई लोहमार्गावरचें तें लहान गांव आज ओळखूं येणार नाहीं. 1970 सालीं तेथें नगरपालिका झाली, 1982 त महानगरपालिका. कारखान्यांच्या भिंती व उंच इमारती यांमधून वाट काढीत पवनेच्या घाटावर जावें लागतें. तरी मार्गशीर्षांत समाधीचा उत्सव होतो, भाद्रपदांत व माघांत देवाची पालखी चिंचवडाहून मोरगांवास जाते, आणि मोरया गोसावी व त्यांचे वंशज यांच्या नांवावरचीं पदें अजून म्हटलीं जातात. त्या पदांचा सूर एकच आहे: लेंकरानें आईला हांक मारावी तसा. विद्वत्तेचा त्यांत आव नाहीं. मूल जसें पदर सोडीत नाहीं, तसा हा भक्त देवास सोडीत नाहीं.

या सुराशीं जुळणारा एक वाक्प्रचार मराठींत आहे, 'अपराध पोटांत घालणें'. त्याचा अर्थ आपण सवयीनें 'क्षमा करणें' असा सांगून मोकळे होतों. पण शब्दांकडे नीट पाहावें. येथें क्षमा करणारा अपराध पुसून टाकीत नाहीं, त्याचा कागद फाडीत नाहीं. तो अपराध गिळतो आणि स्वतःच्या देहांत वागवितो. मराठींत पोट हें केवळ अन्नाचें ठिकाण नव्हे. मूल पोटचें असतें, माया पोटांत असते, गुज पोटांत राहतें आणि कपटही पोटांतच असतें. ज्या पोटानें मूल जगांत आणलें, त्याच पोटांत त्याचे अपराध परत जातात. देव्यपराधक्षमापनस्तोत्र या नांवाचें जें संस्कृत स्तोत्र शंकराचार्यांच्या नांवावर चालतें, त्याचाही सारा आधार हाच आहे. तेथें भक्त देवीपाशीं पुत्राच्या हक्कानें बोलतो, आणि मुलगा वाईट निपजला तरी आईनें वाईट होऊं नये, एवढाच त्याचा युक्तिवाद आहे. आणि गणपति तर लंबोदर! ज्याचें पोटच एवढें मोठें, त्याच्यांत आपल्या अपराधांस जागा होईल कीं नाहीं, अशी शंका कोणत्या मुलास येणार? मोठ्यांस ज्या रूपकाची फोड करून सांगावी लागते, तें मूर्तीकडे पाहूनच मुलास पटतें.

या वाक्प्रचाराशेजारीं आपल्या भाषेंत आणखी दोन शब्द नांदतात. 'क्षमा' हा संस्कृत शब्द. तें पृथ्वीचेंही एक नांव आहे. नांगर चालला, पाय पडले, तरी जी सोसते ती क्षमा. 'माफी' हा अरबींतून फारशी दप्तरांच्या वाटेनें आलेला शब्द. दुष्काळांत सारा माफ होई, गुन्हेगाराचा दंड माफ होई, कोणास जमीन माफीनें मिळे. म्हणजे पोट म्हटलें कीं आई व लेंकरूं यांचें नातें पुढें येतें, आणि माफी म्हटली कीं सरकार व रयत यांचें. मुलांच्या कवितांत यांपैकीं कोणता शब्द केव्हां आला, कोणता मागें पडला, हें पाहूं लागलें म्हणजे आपल्या घरांतील मोठ्या माणसांचाच थोडा इतिहास हातीं लागतो. तो पाहावा, हाच या लेखाचा हेतु.

मुलांसाठीं म्हणून लिहिलेली कविता मराठींत फार जुनी नाहीं. पण मुलांच्या तोंडीं बसलेली कविता पुष्कळ जुनी आहे, आणि आमच्या मतें बालकाव्याचा इतिहास या दुसऱ्या कवितेपासूनच सुरू केला पाहिजे. समर्थांचीं करुणाष्टकें घ्या. तीं एका प्रौढ, विरक्त, स्वतःवर रागावलेल्या मनाचीं कवनें आहेत; गेलेल्या आयुष्याचा ताप त्यांत आहे. मोरोपंतांची केकावली (पंत 1729 सालीं जन्मले व 1794 त बारामतीस वारले) ही तर एका वृद्ध पंडितानें देवापुढें मांडलेली कैफियत. मोरानें मेघास पाहून टाहो फोडावा तशी, म्हणून तिचें नांव केका. या दोहोंपैकीं एकही रचना मुलासाठीं नव्हती. तरी दिवेलागणीस पाटावर बसून तीं म्हणावयाचीं कोणीं? मुलांनीं. आम्हीही आठव्या वर्षीं पश्चात्तापाचे श्लोक खणखणीत आवाजांत म्हणत असूं, आणि आमचें सारें लक्ष स्वयंपाकघरांतल्या फोडणीकडे असे. कशाचा पश्चात्ताप, हें आम्हांस कोणीं सांगितलें नाहीं व आम्हींही विचारलें नाहीं.

या पाठांतरास हंसणें सोपें आहे, आणि नव्या शिक्षणशास्त्रानें पुरेसें हंसूनही घेतलें आहे. आमचें मत जरा निराळें आहे. ज्या वयांत शब्द सहज जिभेवर बसतात त्या वयांत ते बसवून ठेवले, म्हणजे पुढें ज्या वयांत त्यांची गरज पडते त्या वयांत ते शोधावे लागत नाहींत. चाळिशींतल्या माणसास एखाद्या रात्रीं झोंप येत नाहीं, आणि आठव्या वर्षीं पाठ केलेली ओळ अचानक अर्थासह उठून बसते, हा अनुभव आमच्या वाचकांपैकीं अनेकांस असेल. पण या कवितेंत एक उणीव होती, आणि ती मोठी होती. तिच्यांतील सारी याचना देवाकडे होती. शेजारच्या गोपाळास आपण ढकललें, त्याचें गुडघें फुटलें, याविषयीं करुणाष्टकांत एक अक्षर नाहीं. देवाजवळ कोटि अपराध कबूल करणारा मुलगा गोपाळाजवळ एकही कबूल करीत नसे.

ही उणीव एकोणिसाव्या शतकांतील छापील बालवाङ्मयानें भरून काढली. 1854 सालीं परशुराम बल्लाळ गोडबोले यांचें 'नवनीत' निघालें, त्यानें जुने कवि शाळेंत आणले. पण लहान मुलांसाठीं नवी कविता आली ती मासिकांतून. अमेरिकन मिशनचा 'बालबोधमेवा', 1881 पासून विनायक कोंडदेव ओक यांनीं मोठ्या निष्ठेनें चालविलेलें 'बालबोध', 1906 सालीं वासुदेव गोविंद आपटे यांनीं काढलेला 'आनंद', हीं त्या वाटेवरचीं ठळक नांवें. यांच्यामागें इंग्रजी नमुने होते हें लपविण्याचें कारण नाहीं. ऐझॅक वॉट्सनें 1715 सालीं मुलांसाठीं सोप्या भाषेंत भक्तिगीतें लिहिलीं. ॲन व जेन टेलर या बहिणींच्या मुलांसाठीं लिहिलेल्या कविता 1804 त प्रसिद्ध होऊं लागल्या. आणि भांडणें, खोटें बोलणें, पांखरांचीं घरटीं मोडणें हे कवितेचे विषय होऊं शकतात हें त्यांनीं दाखवून दिलें. या वळणाच्या कवितेनें अपराधास कोटींतून खालीं उतरवून एकावर आणलें. आतां तो मोजतां येऊं लागला, त्याला नांव मिळालें, आणि ज्याचा अपराध घडला तें माणूस, म्हणजे आई, वडील, पंतोजी, सोबती, समोर उभें राहिलें. ही खरी प्रगति होती.

मिशनच्या वाङ्मयानें यांत एक वेगळीच गोष्ट आणली, तिचा उल्लेख प्रामाणिकपणें केला पाहिजे. ख्रिस्ती मुलास जी प्रार्थना पहिल्यानें शिकवितात, तिच्यांत तें देवाकडे क्षमा मागतें, पण त्याच वाक्यांत आपण दुसऱ्यांस क्षमा केल्याचेंही सांगतें. मागणारें मूल एकाच वेळीं देणारेंही होतें. आपल्या दिवेलागणीच्या श्लोकांत हा दुसरा भाग नव्हता. रेव्हरंड नारायण वामन टिळकांसारखा कवि या वाङ्मयास लाभला, म्हणून तें केवळ भाषांतरित राहिलें नाहीं. मिशनविषयींच्या आपल्या रागापायीं त्यांतील हें बारकें सूत्र आपल्या घरांनीं उचललें नाहीं, असें आम्हांस वाटतें.

नव्या उपदेशपर कवितेचा दोष निराळा होता. तिनें क्षमेस अट घातली. मूल चुकतें, रडतें, 'पुन्हां असें करणार नाहीं' म्हणतें, आणि मग आई त्यास जवळ घेते, हा तिचा ठराविक सांचा. जुन्या कवितेंतला भक्त पुढच्या वर्तनाची हमी देत नव्हता. कसा का असेना, तुझा आहें, एवढेंच त्याचें म्हणणें. नव्या कवितेंतलें मूल जामीन लिहून देतें. पोट गेलें आणि करारनामा आला. 'माफी माग' हे शब्द घरांत व शाळेंत ज्या आवाजांत उच्चारले जातात, तो आवाज आठवावा. तो आईचा नव्हे, कचेरीचा आहे.

आणि या शब्दाला महाराष्ट्रांत एक आणखी कडू चव चिकटली, तिचा संबंध चिंचवडशींच आहे. हरि विनायक चापेकर हे कीर्तनकार. त्यांचा थोरला मुलगा दामोदर याचा जन्म 1869 सालीं चिंचवडचा. दामोदर, बाळकृष्ण व वासुदेव हे भाऊ हरिकीर्तनाच्या घरांत वाढले. ध्रुव, प्रह्लाद, अंबरीष यांचीं आख्यानें हें तर कीर्तनकाराचें नित्याचें भांडवल. त्या आख्यानांत क्षमा पावलोपावलीं येते. त्याच मुलांनीं पुण्याच्या प्लेगच्या दिवसांत, घराघरांत शिरणाऱ्या सोजिरांच्या तपासण्या पाहिल्यावर, 22 जून 1897 च्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग कमिटीचा अध्यक्ष रँड याच्यावर गोळी झाडली. आयर्स्ट त्याच रात्रीं मेला, रँड 3 जुलैस. दामोदरास 18 एप्रिल 1898 रोजीं फांशी झाली. वासुदेव व बाळकृष्ण 1899 च्या मे महिन्यांत गेले. ज्या गांवानें कोटि अपराध पोटांत घालणाऱ्या देवाचें नांव महाराष्ट्रास दिलें, त्याच गांवच्या मुलांनीं एक अपराध पोटांत घालण्याचें नाकारलें. आम्ही येथें त्या कृत्याचा न्याय करण्यास बसलों नाहीं. आज चिंचवडास चापेकरांचें स्मारक व समाधिमंदिर दोन्ही आहेत, आणि एकाच सकाळीं दोन्हींकडे हात जोडणारीं माणसें तेथें आहेत.

त्या उन्हाळ्यांत व पावसाळ्यांत क्षमेचा प्रश्न पुण्यापुढें आणखी दोनदां आला. प्रोफेसर गोखले त्या वेळीं वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यासाठीं विलायतेस गेले होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विश्वासून त्यांनीं सोजिरांच्या अत्याचारांविषयीं 'मँचेस्टर गार्डियन' पत्रांत विधानें केलीं. परत आल्यावर त्यांस पुरावा मिळेना, तेव्हां त्यांनीं ऑगस्टमध्यें वृत्तपत्रांतून जाहीर व बिनशर्त क्षमा मागितली. त्याच सुमारास लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. माफी मागून मोकळे व्हावें असा सल्ला त्यांस मिळाला, तो त्यांनीं मानला नाहीं, आणि सप्टेंबरांत त्यांस दीड वर्षाची शिक्षा झाली. लोकांनीं या दोन गोष्टी शेजारीं शेजारीं ठेवल्या आणि निकाल देऊन टाकला: माफी मागणारा भ्याला, न मागणारा शूर. वस्तुतः दोन्ही प्रसंग एका जातीचे नव्हते. टिळकांपुढें प्रश्न होता न केलेल्या गुन्ह्याच्या कबुलीचा. गोखल्यांपुढें होता सिद्ध करतां न येणारें विधान मागें घेण्याचा. आपल्या चुकीची किंमत चारचौघांत मोजणें यास धैर्य लागतें, आणि गोखल्यांस तें होतें. पण पुढच्या दोन पिढ्यांच्या मुलांनीं ऐकलें तें एवढेंच कीं माफी ही नामुष्की. आमच्या लहानपणींही मोठीं माणसें 'माफी मागणारा नव्हे तो' हें कौतुकाचें वाक्य म्हणून उच्चारीत, आणि तींच माणसें तासाभरानें एखाद्या मुलाचा कान धरून त्यास माफी मागावयास लावीत.

आमच्या स्वतःच्या घरची एक गोष्ट सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं गणपतीच्या दिवसांत आमचें शाईचें पेन सांपडेना. धाकटा मुलगा त्या पेनाशीं खेळतो हें ठाऊक असल्यामुळें आम्हीं त्यास विचारलें, त्यानें नाहीं म्हटलें, आम्हीं पुन्हां विचारलें, आणि शेवटीं एक थप्पड मारली. पेन दुपारीं आमच्याच कोटाच्या आंतल्या खिशांत मिळालें. आम्ही तें मुकाट्यानें टेबलावर ठेवलें, एवढेंच. सायंकाळीं आरतीनंतर तोच मुलगा पुढें झाला आणि नेहमीप्रमाणें आपल्या कोट्यवधि अपराधांची क्षमा मागूं लागला. आणि त्याच्यामागें हात जोडून आम्ही उभे होतों. आम्ही वर्गांत भाषेवर तासच्या तास बोलतों, पण त्या सायंकाळीं मुलाशीं बोलावयास आम्हांस एक शब्द सांपडला नाहीं. पुष्कळ विचार केल्यावर आमच्या ध्यानांत आलें कीं तो शब्द आम्हांस कोणीं शिकविलाच नव्हता. लहानानें मोठ्याची क्षमा कशी मागावी याचे श्लोक आम्हांस पाठ होते. मोठ्यानें लहानाची कशी मागावी याचा एकही नव्हता.

इंग्रजींत कॉव्हेंट्री पॅटमोरची 'खेळणीं' या नांवाची एक कविता आहे. 1877 सालीं ती त्याच्या संग्रहांत आली. आई नसलेल्या मुलास बाप मारतो, रागावून निजावयास धाडतो, आणि मागाहून खोलींत जातो तों मुलानें रडतां रडतां आपलीं खेळणीं, शंखशिंपले, दगड, नाणीं, उशाशीं मांडून ठेवलेलीं दिसतात. बाप विरघळतो. ही कविता आम्हीं अनेकदां शिकविली आहे. पण तो बापही आपली क्षमा मागतो ती देवापाशीं, झोंपलेल्या मुलापाशीं नव्हे. मुलास सकाळीं कांहीं कळलें असेल असें वाटत नाहीं. विलायतेंतही बापाची जीभ तेवढीच जड होती, हें पाहून आमचें थोडेंसें समाधान झालें, आणि त्या समाधानाची लाजही वाटली.

आपल्याकडे मुलानें मोठ्यास क्षमा केल्याचीं उदाहरणें मात्र पुराणांत आहेत. भागवतांतला प्रह्लाद हें त्यांतलें सर्वांत स्पष्ट उदाहरण. हिरण्यकशिपु मारला गेल्यावर नृसिंह त्यास वर माग म्हणतो, तेव्हां तो ज्या बापानें आपला छळ केला त्याच्याच उद्धाराचा वर मागतो. कीर्तनांत खांब फुटतो तेव्हां टाळ्या पडतात. हा वर मागितला जातो तेव्हां श्रोते उपरणीं सांवरूं लागलेले असतात.

पण खरें नवल पुराणांत नाहीं. तें चिंचवडाहून सकाळीं निघालें तर दुपारपर्यंत पायीं गांठतां येईल अशा आळंदीस आहे. परंपरेप्रमाणें मुक्ताबाईचा जन्म 1279 चा, ज्ञानदेवांचा 1275 चा. वडिलांनीं संन्यास घेऊन पुन्हां संसार केला, म्हणून हीं चार भावंडें वाळींत पडलीं. आईबापांनीं देहांत प्रायश्चित्त घेतलें. तरी मुलांस पैठणास जाऊन शुद्धिपत्र मागावें लागलें. या कथेकडे आपण चमत्काराच्या नजरेनें पाहतों, भिंत चालली व रेडा बोलला यांत रमतों. पण चमत्कार बाजूस ठेविले तर काय उरतें? पोरक्या मुलांनीं, स्वतः न केलेल्या अपराधाबद्दल, मोठ्यांच्या सभेपुढें उभें राहून क्षमापत्र मागितलें. मुलांनीं मागावयाचें आणि मोठ्यांनीं द्यावयाचें, हा नियम याहून कठोर रूपांत कोठें दिसणार?

आणि याच घरांत त्या नियमाला उत्तर देणारी कविता झाली. गांवांत कोणी टोंचून बोललें, ज्ञानदेवांस तें लागलें, आणि ते खोपटाची ताटी लावून आंत बसले. बाहेर मुक्ताबाई उभी राहिली. तिनें भावाची समजूत घातली ती ताटीच्या अभंगांत आहे. आज जे अभंग छापलेले मिळतात त्यांची भाषा तेराव्या शतकाची वाटत नाहीं. पिढ्यान्पिढ्यांच्या तोंडांतून ती घासून नवी झाली आहे. तरी बोलणारी कोण, हें कोणीही बदललेलें नाहीं: घरांतलें सर्वांत धाकटें माणूस. ती योगी असलेल्या भावास योग सांगत नाहीं. लहान मुलीस सुचेल असाच दाखला देते. जेवतांना आपल्याच दांतांखालीं आपली जीभ आली तर दांत पाडून टाकावयाचे काय? लोक आणि आपण एकाच देहाचे अवयव, हा अद्वैताचा सिद्धान्त तिनें जेवणाच्या पानावर आणून ठेवला आहे. ती लोकांची बाजू घेत नाहीं, त्यांचें चुकलें नाहीं असेंही म्हणत नाहीं. त्यांनीं क्षमा मागावी, मग दार उघड, असेंही म्हणत नाहीं. आळंदीकरांपैकीं कोणी क्षमा मागावयास आलें होतें असें त्या अभंगांत कोठेंही नाहीं. न मागितलेली क्षमा द्यावयास ती सांगते, आणि सांगते ती आपल्याहून मोठ्यास. आमच्या समजुतीप्रमाणें क्षमेविषयींची मराठींतली सर्वांत मोठी बालकविता हीच, आणि ती बालकविता म्हणून कोणत्याही संग्रहांत आम्हीं पाहिली नाहीं. ती 'संतवाङ्मय' या कपाटांत ठेवलेली असते.

मोठ्यांनीं लहानांपुढें नमल्याची एक गोष्टही याच घरची आहे. मुक्तेस मांडे भाजावयाचे होते. विसोबा चाटी या गांवच्या वजनदार गृहस्थानें कुंभारांस तिला खापर देऊं दिलें नाहीं. ज्ञानदेवांनीं आपली पाठ तापविली व तिच्यावर तिनें मांडे भाजले, असें महीपति सांगतात. विसोबानें तें चोरून पाहिलें, आणि त्या मुलांच्या पायांवर लोळण घेऊन त्यांचें उष्टें खाल्लें. पुढें हेच विसोबा खेचर नामदेवांचे गुरु झाले. इंद्रायणीच्याच कांठीं, देहूस, रामेश्वरभट्टाची कथा याच वळणाची आहे. तुकोबांच्या वह्या बुडवावयास लावणारा तो पंडित पश्चात्तापानें त्यांचा शिष्य झाला. आपण या कथा मुलांस सांगतों, पण सांगतांना भर देतों तो तापलेल्या पाठीवर आणि तरलेल्या वह्यांवर. एका प्रौढ, प्रतिष्ठित पुरुषानें आपली चूक कबूल केली, हा चमत्कार त्यांपुढें फिका वाटतो कीं काय, कोण जाणे.

आतां मुलांच्या स्वतःच्या कवितेविषयीं थोडें. ही कविता कोणी लिहीत नाहीं, छापीत नाहीं. ती अंगणांत होते. मुलांची कट्टी होते तेव्हां बोटांच्या खुणेबरोबर एक लहानसें यमक म्हटलें जातें. गट्टी होते तेव्हां दुसरें. गांवोगांव शब्द निराळे, बोटेंही निराळीं. पण विधि सगळीकडे एकच. आम्हीं त्यांतलीं जीं ऐकलीं त्यांत चूक कोणाची हा प्रश्न कधींही आला नाहीं. कोणी माफी मागत नाहीं, कोणी देत नाहीं, पुढच्या वर्तनाची हमी नाहीं. बोटाला बोट लागलें, यमक पुरें झालें, आणि डाव जेथें मोडला होता तेथून पुढें सुरू झाला. मोठ्यांच्या जगांत याच्या जवळ जाणारी एकच गोष्ट आम्हांस दिसते, ती संक्रांतीचा तिळगूळ. वर्षभर ज्या दाराशीं बोलणें नाहीं त्या दारींही त्या दिवशीं हातावर चार दाणे ठेवतां येतात, आणि कारण विचारलें जात नाहीं. तेथेंही बहुधा मुलांसच पुढें पाठवितात, हें सांगावयास नकोच.

जात्यावरच्या ओव्या आपण गोळा केल्या. साने गुरुजींसारख्यांनीं त्यांसाठीं आयुष्याचीं वर्षें दिलीं. अंगाईगीतेंही जमविलीं. पण कट्टी-गट्टीचीं हीं यमकें जमविण्याचें काम, मुलें तीं मोठ्यांसमोर म्हणत नाहींत म्हणून असो, कीं त्यांत काव्य काय असें वाटल्यामुळें असो, नीटसें झालें नाहीं. गेल्या भाद्रपदांत आम्ही चिंचवडास एका आप्ताकडे उतरलों होतों. इमारतीच्या आवारांत विदर्भ, मराठवाडा, बिहार, केरळ अशा नाना ठिकाणच्या कामगारांचीं व अधिकाऱ्यांचीं मुलें खेळत होतीं. दोघांचें भांडण झालें, बॅट जमिनीवर आपटली गेली, आणि कांहीं वेळानें त्यांचें जुळलें तें अर्धें मराठी, अर्धें हिंदी अशा एका यमकावर. आम्ही गॅलरींतून तें उतरून घेण्यासाठीं कागद शोधीत होतों; तेवढ्यांत वरून आरतीसाठीं हांक आली आणि सारीं मुलें जिन्याकडे पळालीं.